रोल संपवायचे फोटो

कॅलिफोर्नियातल्या आमच्या कॉलेजात, फोटोग्राफीच्या वर्गात, क्रिटिकच्या दिवशी आपण बोलायचं नसतं, असा नियम आहे. आपला प्रिंट भिंतीवर मॅग्नेटने लावायचा आणि बाजूला उभं राहायचं, बाकीचे पंधरा-सोळा जण त्याच्याबद्दल काय वाट्टेल ते बोलतात ते ऐकून घ्यायचं, कोणी साफ चुकीचं समजलं तरी मधे तोंड घालायचं नाही. माझ्यासारख्या बाईला हे किती जड जातं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

पहिल्याच क्वार्टरला, म्हणजे पहिल्याच सत्राला, मी मोदकांचा फोटो लावला होता. उकडीचे अकरा मोदक, केळीचं पान, मागून खिडकीचा उजेड आणि त्यात वाफ अशी काही आलेली की मी स्वतःच त्या फोटोवर खूश होते. (पान इंडियन स्टोअरमधलं फ्रोझन, ते न फाटता सरळ करण्यात अर्धा तास गेला, असो.) सगळ्यांनी कौतुक केलं. निळ्या केसांचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणाला, मला आत्ताच्या आत्ता हे खायचंय. मग आमच्या प्रोफेसर पुढे आल्या. साठीच्या पुढच्या आहेत, पांढऱ्या केसांचा बॉयकट, सगळी पोरं त्यांना सरळ नावाने हाक मारतात आणि मला ते दीड वर्षात एकदाही जमलेलं नाही. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हा फोटो तुझ्याकडे कोणी मागितला होता का?

म्हटलं, नाही, कोणीच नाही.

"मग तो कोणीतरी मागितल्यासारखा का दिसतोय?"

बास, एवढंच बोलून त्या पुढच्या प्रिंटकडे गेल्या. घरी येताना हायवे ८५ वर नेहमीची गाड्यांची रांग, आणि मी एकटीच गाडीत बाईंशी भांडत होते की मागितल्यासारखा म्हणजे काय, चांगला आलाय तर आलाय. पण कुपर्टिनोचं एक्झिट येईपर्यंत राग गेला होता, कारण बाईंनी मला बरोब्बर पकडलं होतं. मी स्टुडिओवाल्याची मुलगी. कोणी न मागितलेला फोटो ही गोष्टच आमच्या घरात नव्हती.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, विट्यात फोटो स्टुडिओ होता. सांगली जिल्ह्यातलं विटा. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात भारतभर पसरलेली आहेत, गलाईवाले म्हणतात त्यांना, केरळपासून बंगालपर्यंत कुठल्याही सराफ कट्ट्यावर जा, आमच्याकडचा कोणीतरी भेटणारच. हे लोक दिवाळीला, जत्रेला, लग्नसराईला गावी यायचे आणि परत जायच्या आधी अख्खं घर स्टुडिओत घेऊन यायचे, कारण तो फोटो कोचीनच्या किंवा कोइमतूरच्या दुकानात गल्ल्याच्या वर लागायचा. वर्षाच्या मधे कधीतरी मागे राहिलेली बायको दोन पोरांना घेऊन यायची, पोरं केवढी झाली ते पाठवायला. अण्णांच्या प्रत्येक फोटोची कुठेतरी कोणीतरी वाट बघत असायचं, आणि प्रत्येक फोटोचं एक खाकी पाकीट असायचं, त्यावर नंबर, नाव, साइज, किती कॉपी, ॲडव्हान्स किती दिला आणि कधी न्यायला येणार. पासपोर्ट आठ कॉपी, शाळेचा ग्रुप, साखरपुडा, स्थळाचा फोटो, मयताचा फोटो.

स्थळाच्या फोटोला माझी ड्युटी असायची. मुलगी पडद्यासमोरच्या स्टुलावर बसली की तिचा पदर नीट करायचा, निऱ्या पसरायच्या, हनुवटी दोन बोटांनी हलकीशी वळवायची. अण्णांनी हात लावणं बरं दिसत नाही म्हणून दहा वर्षांची मी. मुलगी घामाघूम, बरोबर आलेली मावशी नाहीतर वहिनी सारखी सांगणार, "जरा उजळ काढा हो." अण्णा हो म्हणायचे. दिवा थोडा जवळ, प्रिंटला एक्स्पोजर थोडं कमी, झाली उजळ. एकदा असाच एक फोटो फार सुरेख आला म्हणून त्यांनी शोकेसमध्ये लावला तर मुलीचा मामा दुकानात येऊन जो काय तमाशा करून गेला, तेव्हापासून शोकेसमध्ये फक्त लहान मुलं आणि आमचा काका.

सगळ्यात जास्त वेळ मयताच्या फोटोला लागायचा. खेड्यातली म्हातारी माणसं आयुष्यात एकटी अशी कधी फोटोला बसलेलीच नसायची, मग घरचे एखादा लग्नातला ग्रुप घेऊन यायचे, त्यात तिसऱ्या रांगेत नखाएवढं तोंड, तेवढंच मोठं करून द्या म्हणायचे, बाराव्याच्या आत. अण्णा त्याची कॉपी निगेटिव्ह करायचे, तासलेल्या पेन्सिलीने निगेटिव्हवर रात्र रात्र काम करायचे, शेजारच्या माणसाचा खांदा रंगवून घालवायचे, फेट्याची राहिलेली अर्धी बाजू ब्रशने पुरी करायचे. हार घालायला जागा सोडून. याला कोणी कला वगैरे म्हटलेलं मी ऐकलं नाही. अण्णा स्वतःही "काम" म्हणायचे.

तर अशा घरातून मी एकेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेत फोटोग्राफी शिकायला गेले, तेही असोसिएट डिग्रीला.

असोसिएट डिग्री म्हणजे काय हे विट्याला समजावून सांगणं हा एक वेगळाच उद्योग झाला. इथे हायस्कूलनंतर चार वर्षांच्या बॅचलर्सला जायच्या आधीची, किंवा तिच्याऐवजी, दोन वर्षांची डिग्री असते, कम्युनिटी कॉलेजमध्ये मिळते. आमच्या कॉलेजात क्वार्टर सिस्टीम आहे, नव्वद युनिटं, म्हणजे क्रेडिट, भरली की डिग्री, आणि कॅलिफोर्नियाचे रहिवासी असाल तर युनिटला ३१ डॉलर. म्हणजे नव्वद युनिटांचे २७९० डॉलर, त्याच्यावर किरकोळ फिया, फिल्म आणि पेपर. प्रायव्हेट आर्ट कॉलेजात एका सत्राला याच्या कितीतरी पट लागतात. आई म्हणाली, म्हणजे डिप्लोमाच की. म्हटलं हो. म्हणाली, बीकॉम झालेली मुलगी खाली उतरून परत डिप्लोमा करती का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथल्या मंडळाच्या बायका विचारायच्या, हॉबी क्लास का गं, छान छान, एच-फोर वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर, वेळ जायला बरं. त्यालाही नव्हतं.

नव्वदातली बरीच युनिटं फोटोग्राफीची नसतातच, इंग्लिश कॉम्पोझिशन, गणित, काहीतरी सायन्स, शिवाजी विद्यापीठाच्या मार्कशीटा तपासून घेऊन त्यातली थोडी माफ झाली, बाकीची भरली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वर्गात मात्र मजा होती. अर्धी पोरं माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, एक रिटायर्ड नर्स, एक आर्मीतून बाहेर पडलेला जो कधीच माणसांचे फोटो काढायचा नाही, रिकामे पार्किंग लॉट आणि त्यांच्यातले दिवे, बास. आणि मी, डब्यात थालीपीठ घेऊन.

डार्करूमच्या पहिल्या दिवशी घडलं ते सांगते. फिरतं काळं दार असतं, गोल, त्यात उभं राहून आपण स्वतःच ते फिरवायचं म्हणजे बाहेरचा उजेड आत येत नाही. मी आत पोचले आणि फिक्सरचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास आला आणि मला एकदम रडूच यायला लागलं. सेफलाइटच्या लाल उजेडात सगळेच तसे दिसतात म्हणून कोणाला कळलं नाही. आमची डार्करूम जिन्याखाली होती, सरळ उभं राहता यायचं नाही अशी. फिक्सरला अण्णा हायपो म्हणायचे. मे महिन्यात दुपारी तिथे काम करणं अशक्यच, डेव्हलपरचं द्रावण २० डिग्रीला पाहिजे आणि बाहेर चाळीस, मग रात्री अकरानंतर, रसवंतीवाल्याकडून आणलेला बर्फ परातीत आणि त्या परातीत डेव्हलपरचा ट्रे. इथे नळाला थंड-गरम पाणी मिसळायचा व्हॉल्व्ह आहे, त्यावर थर्मामीटर आहे, ६८ फॅरनहाइटवर काटा ठेवला की तो हलत नाही. मी त्या व्हॉल्व्हकडे जरा जास्तच वेळ बघत बसले असणार, कारण टेक्निशियनने येऊन विचारलं, काही बिघडलंय का?

शिकवत होते ते हळूहळू ओळखीचं निघायला लागलं. डॉजिंग आणि बर्निंग शिकवलं, म्हणजे एन्लार्जरखाली, निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडणाऱ्या यंत्राखाली, पेपरवर उजेड पडत असताना एखाद्या भागावर हाताची सावली धरून तो भाग उजळ ठेवायचा, किंवा दुसऱ्या भागाला जास्तीचा उजेड देऊन तो गडद करायचा. अण्णा याला हात फिरवणं म्हणायचे. "जरा हात फिरवला की तोंड वर येतं." सेकंद मोजायला टायमर असतो, पण हात फिरवताना त्याच्याकडे बघता येत नाही म्हणून प्रोफेसर मोठ्याने मोजतात, वन मिसिसिपी, टू मिसिसिपी, इकडे सगळेच तसं मोजतात, एक लांब शब्द मधे घातला की बरोबर सेकंद होतो. अण्णा एक पांडुरंग, दोन पांडुरंग असं मोजायचे. मी घड्याळ लावून बघितलं, पांडुरंग थोडा लवकर संपतो. पण ते शेवटी जरा लांबवायचे, पांडुरंऽग, त्यात ते भरून निघत असणार.

पोर्ट्रेट लाइटिंगच्या वर्गात नाकाच्या सावलीपलीकडे गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण पडतो त्याला रेम्ब्रांट लाइट म्हणतात हे कळलं. अण्णांना तो नुसता त्रिकोण म्हणून माहीत होता, आणि म्हातारी माणसं असली की तो ठेवायचे, बायकांना नाही. रेम्ब्रांट नावाचा डच चित्रकार कोण ते त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र मी अडले. झोन सिस्टीम म्हणून एक प्रकरण आहे, ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९३९-४० च्या सुमाराला लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवता शिकवता बसवलेलं, पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या, लाइटमीटर जे काही दिसेल ते मधल्या पाचव्या पायरीवरचं राखाडी धरून चालतो, आणि कुठली गोष्ट कुठल्या पायरीवर ठेवायची ते फोटो काढायच्या आधी आपण ठरवायचं. फार सुंदर विचार आहे, गणितासारखा. पण पुस्तकात लिहिलेलं, माणसाची कातडी सहाव्या पायरीवर ठेवा. कुठल्या माणसाची? मी माझ्या हातावर मीटर धरला, मग माझ्या शेजारच्या मेक्सिकन मुलीच्या, मग त्या आर्मीवाल्याच्या, तो ब्लॅक आहे, आणि आम्ही तिघंही सहावर नव्हतो. प्रोफेसरांनी पुढच्या तासाला कोडॅकची शर्ली कार्डं दाखवली, कलर लॅबमधली मशीन जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड यायचं, तिची कातडी बरोबर दिसली की मशीन बरोबर, बाकीच्या जगाने त्यात आपापलं बसवून घ्यायचं. मला "जरा उजळ काढा हो" आठवलं. आमच्या दुकानात ते कार्ड नव्हतं, कलरचे रोल आम्ही एसटीने कोल्हापूरच्या लॅबला पाठवायचो. पण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सुद्धा मावश्या आणि वहिन्या मिळून ते काम बिनकार्डाचं करतच होत्या की. आणि त्या मुलींचे चेहरे अण्णांनी उजळ केले त्यात अर्धे डोळे पण फिके होऊन गेले. मी तेव्हा हनुवट्या वळवत होते. हे मी वर्गात सांगितलं नाही, सांगायला पाहिजे होतं बहुतेक.

हिस्टरीच्या क्लासमध्ये मात्र मी तोंड उघडलं. मोदक डोक्यात होताच. प्रत्येक आठवड्याला एक थोर फोटो यायचा आणि मी मनात त्याचं खाकी पाकीट शोधायची. इथून वीस मिनिटांवर, आता जिथे स्टॅनफर्ड आहे तिथल्या पालो आल्टोच्या घोड्यांच्या फार्मवर, १८७८ मध्ये मायब्रिजने पळत्या घोड्याचे ओळीने फोटो काढले, चारी पाय एकदम हवेत असतात का ते बघायला. कोणी सांगितलेलं? लीलँड स्टॅनफर्डने, घोडे त्याचे, पैसे त्याचे. आपल्याकडचे लाला दीनदयाळ, निजामाचे फोटोग्राफर. फोटोग्राफर डोरोथिया लँगचा तो मायग्रंट मदर, म्हणजे पोटासाठी फिरणाऱ्या मजूर आईचा फोटो, १९३६, निपोमो, कॅलिफोर्निया, तो सरकारी नोकरीत. मी म्हटलं, हे सगळे ऑर्डरचे फोटो आहेत, मग माझ्याच मोदकाने काय घोडं मारलंय? (हे इंग्लिशमध्ये म्हणता येत नाही. घोड्याच्या फोटोनंतर तर नाहीच.)

प्रोफेसर हसल्या आणि लँगची गोष्ट सांगायला लागल्या. ती महिनाभराचं काम संपवून एकटी गाडीने घरी निघालेली, मार्चचा पाऊस, काढलेल्या फिल्मा पेटीत बांधून झालेल्या. रस्त्यात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली, ती थांबली नाही. वीस मैल पुढे गेली, गाडी चालवता चालवता स्वतःशी वाद घालत, की झालं की काम, आहेत भरपूर फोटो, आणि मग गाडी वळवून परत आली. प्रोफेसर म्हणाल्या, सरकारचं काम त्या पाटीच्या आधीच संपलं होतं, परतीचे वीस मैल तिचे स्वतःचे.

आता यात मला थोडं खटकतं. त्या फोटोतली बाई फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, तिचं नाव जगाला १९७८ मध्ये कळलं, तोवर चाळीस वर्षं ती नुसती "मदर" होती आणि त्या फोटोचा तिला पैसा मिळाला नव्हता. आमच्याकडे पाकिटावर नाव तरी असायचं. पण वीस मैल माझ्या डोक्यात बसले ते बसले. आणि एक गंमत, त्या निगेटिव्हच्या उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा आलेला, लँगने तो नंतर रिटच करून घालवला. वरचे साहेब त्यावरून नाराज झाले होते म्हणे. बाईंनी दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी लावून दाखवले आणि वर्गातल्या पोरांना तो अंगठा लवकर सापडेना. मला क्षणात दिसला. शेजारचे खांदे घालवणाऱ्याच्या घरात वाढलेय मी.

(फोटोग्राफी कॉलेजात शिकवणं ही काय फक्त अमेरिकेची गोष्ट नाही हेही त्याच वर्गात मी अभिमानाने सांगून टाकलं. मुंबईत १८५४ ला फोटोग्राफिक सोसायटी झाली, भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी तिच्यात होते, आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. इथे सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्सने आर्ट स्कूलमध्ये फोटोग्राफीचा विभाग काढला तो त्यानंतर नव्वदेक वर्षांनी. ती संस्था १८७१ ची, २०२२ मध्ये शिकवणं बंद पडलं. अण्णांचा स्टुडिओ २०१४ ला, तिथे आता मोबाइल कव्हर मिळतात.)

गेल्या डिसेंबरात विट्याला गेले तेव्हा माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या. खरं सांगायचं तर मला काय शोधायचं होतं ते पक्कं होतं. अण्णांनी स्वतःसाठी काढलेला एक तरी फोटो असणार, ढग, डोंगर, काहीतरी, आणि मी तो शोधून काढणार. अण्णांनाच विचारलं आधी. ते म्हणाले, "सोताचे? रोल काय फुकट येत होता?" तीन दिवस मी निगेटिव्ह बघत बसले, मोबाइलवर पांढरा स्क्रीन लावून त्याच्यावर. एक सोडून सगळ्या पाकिटांवर नंबर. ते एकही रेल्वे टाइमटेबलचं निघालं.

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी पाकिटं बघत होते, पट्ट्या शेवटपर्यंत बघत नव्हते.

अण्णांच्या याशिका कॅमेऱ्यात १२० चा रोल, त्यात बाराच फोटो बसतात. आणि व्हायचं असं की दहा फोटो झालेत, गिऱ्हाइकाला उद्या सकाळी पाहिजेत, रोल धुवायचाय, दोन शिल्लक. ते दोन तसेच वाया घालवायचे म्हणजे जिवावर यायचं, म्हणून काहीतरी समोर दिसेल त्यावर दाबायचं आणि रोल संपवायचा. अकरा आणि बारा नंबर. काउंटरवर झोपलेलं मांजर. दारातून दिसणारा पावसातला स्टँडचा रस्ता, त्यावर काचेवरची उलटी अक्षरं. चहावाल्याचा पोरगा, कानात बोट. मी, पुढचे दोन दात पडलेली, कॅमेऱ्याकडे न बघता कशावर तरी रागावलेली. बागेचा रंगवलेला पडदा आणि समोर कोणीच नाही, नुसतं स्टूल, दिवे चालू. अशा दीडशेच्या वर फ्रेमा निघाल्या, एकाचाही कधी प्रिंट काढलेला नाही. फोकस पुष्कळदा चुकलेला, अण्णांचा फोकस चुकलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

त्यांना दाखवलं तर म्हणाले, "अगं ते रोल संपवायचे हैत. त्यात काय बघायचं?"

परत आल्यावर प्रोफेसरांना दाखवलं, याचाच पोर्टफोलिओ करते म्हणून. त्यांनी एक एक फ्रेम लूपने, म्हणजे छोट्या भिंगाने, बघितली, फार आवडली त्यांना, आणि म्हणाल्या, हे तुझ्या वडलांचं काम आहे, डिग्री तुला पाहिजे. तुझे अकरा आणि बारा कुठे आहेत?

मग मी येताना आणलेल्या त्याच याशिकावर सुरू केलं. (विमानतळावर फिल्म एक्स-रेमधून न घालता हाताने तपासा म्हणून गयावया करावी लागते, ती केली.) ऑर्डरी मला मिळतातच. वर्क परमिटशिवाय एच-फोर वर पैसे घेता येत नाहीत म्हणून सगळ्या फुकट. कोणाचे आईवडील यायचेत, त्यांच्या व्हिसाला दोन बाय दोन इंचाचा फोटो कसा असतो ते समजावून दे. कोणाचं डोहाळजेवण, कोणाच्या मुलीचं अरंगेत्रम, कोणाची नोकरी गेली म्हणून लिंक्डइनला नवीन फोटो, हे गेल्या दोन वर्षांत फार. फी म्हणून पुरणपोळ्या, एकदा अख्खा फणस. तर दहा फोटो त्यांचे, दोन माझे, असं ठरवलं.

जमेना. कारण दोन माझे आहेत हे माहीत झालं की पहिल्या फ्रेमपासून मी त्यांचीच वाट बघायला लागायची, कोपऱ्यात काय दिसतंय, उजेड कुठून येतोय, आणि मग अकरावा आला की तो इतका विचार करून काढलेला असायचा की परत मोदकच. अण्णांना रोल संपवायची घाई होती, गिऱ्हाईक सकाळी दारात उभं राहणार होतं. माझ्या रोलची कोणाला घाई? मी कृत्रिम घाई करून बघितली, डोळे मिटून दाबून बघितलं, त्याचे नुसते डोळे मिटून काढलेले फोटो आले. क्वार्टर बारा आठवड्यांचं असतं, त्यातले सात यात गेले. आर्मीवाला म्हणाला की तू शेवटचे दोन मोजणं सोड. म्हटलं बारा आकडे आहेत कॅमेऱ्यावर, कसे नाही मोजणार.

शेवटी जे काही झालं ते अर्धवटच झालं, अठरा प्रिंट लावले त्यातले चार मला स्वतःला पटतात. नोकरी गेलेल्या एका मुलाचा फोटो काढून झाल्यावर तो आमच्या गॅलरीत शर्टाचं वरचं बटण काढून टाय खिशात कोंबत होता, तो एक. त्याला मी नंतर विचारलं, लावू का. आधी नाही म्हणाला, मग आठवड्याने स्वतःच फोन करून, लावा काकू, पण नाव नको. डिग्रीची अजून चौदा युनिटं बाकी आहेत.

दरम्यान ओपन लॅबला जाऊन मी अण्णांची एक फ्रेम प्रिंट केली. ग्रेडचं काही नाही, आपलं असंच. पडद्यासमोरचं रिकामं स्टूल, पण या फ्रेममध्ये उजव्या कडेने एक हात आत आलाय, बांगड्या आहेत, हातात कपबशी. आई चहा द्यायला आलेली असणार. अकरा बाय चौदाचा काढला, डावीकडचा पडदा फार पांढरा पडत होता तिथे हात फिरवला, मोजताना माझ्या तोंडात काय आलं ते मला बाहेर येईपर्यंत कळलं नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर दाखवला. आईने चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, कसला चहा, रोज अर्धा तिथंच गार व्हायचा. अण्णांनी फोन हातात घेतला, अगदी डोळ्याजवळ नेला, मला नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं.

"तो हात कापायचा राहिला बघ."

"राहू दे की अण्णा."

"बरं राहू दे." मग बराच वेळ काही नाही. "पण डावीकडं कमी पडलंय. अजून पाच पांडुरंग पाहिजेत."

प्रिंट समोर धरून नीट बघितला. कमीच पडलंय. लॅब मंगळवारी नऊला उघडते.